पाथरीची बहीण

क्लीव्हलंड, ओहायो
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

प्रिय सुमे,

तुझं पत्र आलं गणपतीत आणि उत्तराला बसलेय आत्ता, तुळशीचं लग्न लागल्यावर. शिव्या घाल, पण आधी वाच. बाहेर पहिला बर्फ भुरभुरतोय, आई (सासूबाई गं, जूनपासून इथेच आहेत) गोधडी पांघरून खिडकीशी बसल्यात आणि तुळस त्यांच्या पायाशी. दोघींनाही थंडी सोसत नाही.

मागे फोनवर तू विचारलं होतंस, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे? मी ईरी तळं म्हणाले होते. चुकलं माझं. बघण्यासारखा आहे तो त्या तळ्याकडे उतरणारा रस्ता. रॉकफेलर पार्क म्हणून एक लांबट दरी आहे. तिच्यातून रस्ता, बाजूने डोअन ब्रुक नावाचा ओढा आणि उतारावर टप्प्याटप्प्याने बागा, तीसच्या वर. एकेक बाग एकेका देशाची, आणि ती त्या त्या देशातून इथे येऊन राहिलेल्यांनी उभी केलेली. सगळ्यांना मिळून कल्चरल गार्डन्स म्हणतात. तुझ्या सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला ओकायामाचं नाव जोडलंय ना, ती दोन शहरांची दोस्ती. इथे एकाच शहरातले शेजारी आपापली अंगणं मांडून बसलेत.

पंधरा वर्षं मी याच रस्त्याने कामाला जातेय, पण गाडी थांबवून उतरले कितीदा म्हणशील तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. यंदा ऑगस्टमध्ये ‘वन वर्ल्ड डे’ला आईंना घेऊन गेले. हा इथला जुना उत्सव, १९४६ पासूनचा. सगळ्या बागांतून खाणं, गाणी, नाच आणि झेंड्यांची मिरवणूक. आपल्या मंडळाचं लेझीम पथक होतं आणि मी नऊवारीत. ऑगस्टचा उकाडा, त्यात काष्टा अर्ध्या वाटेत सैल झाला. एका हाताने ओचा धरून, दुसऱ्या हाताने लेझीम हलवत मी अर्धा मैल चालले. पुढे स्लोव्हेनियाच्या बायका डोक्याला पांढरे रुमाल बांधून होत्या. त्यातल्या एका म्हातारीने मागे वळून पाहिलं, काय समजायचं ते समजली आणि गर्दीतच कमरेची पिन काढून माझ्या हातावर ठेवली. पिन अजून माझ्या पर्समध्ये आहे.

मिरवणूक संपल्यावर आईंना एकेक बाग दाखवत निघाले. सुरुवात १९१६ ची, शेक्सपियरच्या मृत्यूला तीनशे वर्षं झाली म्हणून केलेल्या बागेची. ती बघून लिओ वायडेन्थाल नावाच्या एका ज्यू संपादकाच्या डोक्यात आलं की इंग्रजांची बाग आहे तर बाकीच्यांचीही हवी. १९२६ मध्ये हिब्रू बाग झाली. मग इटालियन, जर्मन, पोलिश, हंगेरियन, स्लोव्हाक अशी रांगच लागली. तेव्हा हे शहर म्हणजे पोलादाच्या भट्ट्या. १९२० मध्ये ते लोकसंख्येत अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर होतं, आणि भट्ट्यांपुढे उभे राहणारे बरेचसे पूर्व युरोपातून बोटीने आलेले.

आईंनी प्रत्येक बागेत एकच प्रश्न विचारला, “हा कोण? राजा का?” मी पाटी वाचून सांगायची, नाही आई, कवी. पुढे गेलो. “हा?” हाही कवी. इटालियन बागेत व्हर्जिल. जर्मनांच्या बागेत ग्योथे आणि शिलर जोडीने उभे. हंगेरीवाल्यांनी लिस्ट ठेवलाय, संगीतकार. पोलिशांकडे शोपँ आणि कोपर्निकस. स्लोव्हेनियनांकडे त्यांचा लेखक, इव्हान त्सांकार. आई म्हणाल्या, “लढाया मारलेला कुणीच नाही होय गं?” मला हे आजवर सुचलंच नव्हतं. बारा-बारा तास भट्टीपुढे भाजून निघालेल्या माणसांनी वर्गण्या काढल्या आणि चौथऱ्यावर बसवले ते कवी आणि पेटी वाजवणारे! (पियानोला आई पेटीच म्हणतात.) मला आपला गिरणगाव आठवला. चाळीतल्या माणसांनी असा चौथरा बांधला असता तर शाहिराचाच बांधला असता, नाही?

सगळंच गोड आहे असं समजू नकोस. बागांच्या सीमा बघितल्या की युरोपची भांडणं दिसतात. १९३८ मध्ये इथे एक युगोस्लाव्ह बाग झाली होती. तिकडे देश फुटला, इकडे बागही फुटली. आता स्लोव्हेनियाची वेगळी, क्रोएशियाची वेगळी, सर्बियाची वेगळी. भाऊबंदकीला समुद्र आडवा येत नाही. मदर तेरेसांचा पुतळा कुठे असेल, सांग बघू? अल्बेनियन बागेत. आईंना ते अजिबात पटलं नाही. “कलकत्त्याची ना ती?” असं दोनदा म्हणाल्या.

आणि एक गोष्ट तिथल्या मिरवणुकीत कुणी बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हे युरोपीय लोक उपनगरांत निघून गेले. १९५० मध्ये नऊ लाखांवर असलेली वस्ती आता पावणेचार लाखांच्या आसपास आलीय. बागांच्या भोवती राहिले कृष्णवर्णीय लोक, १९६६ मध्ये शेजारच्या हफ भागात दंगल झाली, नंतरच्या वर्षांत बागा ओस पडल्या. ब्राँझचे पुतळे चोरीला गेले, काही उचलून गोदामात ठेवावे लागले. ज्यांच्या दारात या बागा आहेत त्या आफ्रिकन-अमेरिकनांच्या बागेचं १९७७ मध्ये ठरलं, पण बांधकामाचा पहिला टप्पा व्हायला पुढची कितीतरी दशकं गेली. त्या बागेत कवी नाही. एक अरुंद दगडी दार आहे, गुलामांना जहाजावर चढवायचे त्या दारासारखं. तिथे आईंनी ‘हा कोण’ विचारलं नाही. पदर सावरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चल, ऊन फार झालंय.” वारसा म्हणजे रंगीत घागरे आणि खमंग पदार्थ, असं समजणाऱ्यांनी आधी इथे यावं असं मला वाटतं. मग खुशाल खावं. आम्हीही खाल्लंच. पोलिश पिएरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या. आईंनी चार खाल्ल्या आणि मिरचीचा ठेचा हवा होता म्हणाल्या.

त्याच दिवशी तिथेच नागरिकत्वाच्या शपथेचा सोहळा होतो. खुर्च्या मांडलेल्या, लोक नटूनथटून आलेले. माझी शपथ एका बिनखिडकीच्या हॉलमध्ये झाली होती, आणि संध्याकाळी घरी येऊन मी निळ्या पासपोर्टवरचा सिंह बघत रडले होते, हे तुला तेव्हा लिहिलं नाही. झाडाखाली हात वर करून उभी राहिले असते तर रडले नसते असं नाही, पण सावली तरी मिळाली असती.

शेवटी भारताच्या बागेत आलो. गांधीजी. आईंनी नमस्कार केला, चपला काढून. आमच्यातल्या दोघांचा तिथेच वाद पेटला. एक म्हणे महाराष्ट्राचं काही हवं असेल तर महाराजच हवेत. दुसरा म्हणे या बागांची चाल बघा, तुकोबा हवेत. मला विचारलं तर मी तुकोबांकडे झुकले, पण विटेवर उभ्या विठ्ठलाला कुणी लेखक म्हणून खपवता येईल का, याचाही मनातल्या मनात हिशोब केला. आम्ही तावातावाने बोलतोय आणि आई कुठे? बघते तर वाफ्याशी वाकून पिशवीत माती भरतायत! मी ओरडले, आई, चोरी आहे ही. त्या म्हणाल्या, “चोरी कसली, आपल्याच बागेतली. तुळशीला घालीन मूठभर.”

घातली. सप्टेंबरात दिवस गार व्हायला लागले तशी कुंडी आत घेतली. नंतर कधीतरी तुळशीच्या बुंध्याशी एक रोपटं दिसायला लागलं, दातेरी पानं जमिनीलगत पसरलेली. डँडेलायन! इथलं हाडवैरी तण गं. शेजारी दर वसंतात औषध फवारून मारतो. तेही मूळचं इथलं नव्हे, युरोपातून आलेल्यांबरोबरच आलेलं. मी उपटायला हात घातला तर आईंनी थांबवलं. पान तोडलं, चीक बोटावर घेतला, वास घेतला, जिभेला लावलं.

“ही तर पाथरीची बहीण,” म्हणाल्या. “आमच्या बांधावर असायची. डाळ घालून भाजी करायची हिची.”

लग्नाच्या दिवशी तुळशीला ऊस लावला, चिंचा-आवळे ठेवले, मंगलाष्टकं फोनवर लावली. पाथरीची बहीण तशीच बुंध्याशी. अंतरपाट धरला तेव्हा तिचं एक पान बाहेर राहिलं, आईंनी ते बोटाने आत सरकवलं. डिसेंबरात त्या परत येतील तेव्हा भेट त्यांना. भाजीची कृती त्यांच्याकडूनच नीट विचारून घे आणि मला लिहून पाठव. मी विचारलं तर “अंदाजानं” एवढंच सांगतात.

तुझी,
शमा