मांजर 'रडतंय' म्हणून हाकलू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात एका वाचकांचं पत्र वाचलं, सोसायटीत रात्री मांजर रडतं, अशुभ असतं, बंदोबस्त करा वगैरे. राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण दोन वर्षांपूर्वी हेच आमच्या मजल्यावर झालं होतं आणि आरोपी आमची चिंगी होती.

चिंगी तेव्हा आठेक महिन्यांची. एका रात्री दीड वाजता जी सुरू झाली ती थांबेचना, तान्हं मूल रडावं तसे लांबच लांब सूर, मधेच लादीवर लोळायची, मागचा भाग वर करून पाय आपटायची, आम्हाला वाटलं पोटात दुखतंय. नेमके समोरचे काका तेव्हा आयसीयूत. काकू दारात येऊन म्हणाल्या, "अगं ते मांजर आधी बाहेर सोडून ये, घरात असं रडणं चांगलं नाही." त्यांना दोष नाही देत, त्यांच्या जागी मीही घाबरले असते. सकाळी व्हेटकडे नेलं तर दोन मिनिटांत निकाल, माजावर आलीय, बोक्याला बोलावतेय. माज ओसरल्यावर नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं आणि ते ओरडणं कायमचं बंद झालं. (काकाही खडखडीत बरे होऊन आले, पण त्याचं श्रेय कुणी चिंगीला दिलं नाही.)

तेव्हापासून मी तिचे आवाज नीट ऐकायला लागले. म्याव खरं तर पिल्लं आईला करतात, मोठी मांजरं आपापसात फारसं करत नाहीत, माणसांशीच करतात. मांडीवर कणीक मळल्यासारखे पंजे चालवते तेही दूध पितानाचंच, पिल्लू आईच्या पोटावर असं दाबतं म्हणजे पान्हा सुटतो. खिडकीच्या जाळीबाहेर कबुतर बसलं की मात्र आवाज वेगळाच, जबडा थरथरतो, दात वाजल्यासारखं कटकटकट, शेपटीचं टोक तेवढं हलतं आणि हाक मारली तर ढिम्म. पहाटे साडेपाचला खायला मागतानाची घुरघुर पण नेहमीसारखी नसते, तिच्यात बारीक रडका सूर मिसळलेला असतो, इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये तो तपासला तर बाळाच्या रडण्याच्या पट्टीच्या जवळचा निघाला, उगाच नाही आपण डोळे चोळत उठत! आणि घुरघुरतंय म्हणजे खूशच आहे असंही नसतं हं, टाके दुखत होते तेव्हाही चिंगी घुरघुरतच होती.

तर बंदोबस्त करायचाच तर ऑपरेशनचा करा, भटकं असेल तर वर्गणी काढा, आमच्या बिल्डिंगने दोन बोक्यांचं तसंच केलं.

काकू आता रोज चिंगीची चौकशी करतात. परवा बशीत दूध घेऊन आल्या. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही हे त्यांना सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

– एक वाचक, डोंबिवली