केंब्रिजला यायचं का, हे विचारलंस म्हणून

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तुला केंब्रिजमध्ये नोकरी मिळतेय हे ऐकलं आणि फोनवर मला पुढे बोलायलाच सुचेना. नात इतकी जवळ येणार, याहून मला आणखी काय हवं! पण तू विचारलंस, "आई, तिथे कायमचं राहायला खरंच बरं आहे का?" आनंदाच्या भरात त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून शांतपणे लिहायला बसलेय. तू हे गाव पाहुणी म्हणून पाहिलंयस, उन्हाळ्यात, कॅम नदीत पंट नावाच्या सपाट होडीत बसून. आम्ही इथे बाराही महिने राहतो.

आधी घराचं. लीड्सला तुमचं तीन खोल्यांचं घर आहे, मागे बाग आहे. तेवढ्या पैशांत इथे फ्लॅट मिळाला तरी पुष्कळ. शहराभोवती बांधकामाला मनाई असलेला हरितपट्टा आहे, आतली बरीचशी जमीन कॉलेजांची, आणि विद्यापीठ, मोठं हॉस्पिटल, आर्म, अ‍ॅस्ट्राझेनेका अशा मोठ्या कंपन्या, या सगळ्यांच्या माणसांना इथेच राहायचं असतं. त्यात लंडन रेल्वेने तासाभरावर. म्हणून हॉस्पिटलातल्या नर्स आणि कॉलेजात स्वयंपाक करणारी माणसं पहाटे ईलीहून, आजूबाजूच्या खेड्यांतून येतात. हे गाव ज्यांच्या जिवावर चालतं त्यांनाच इथे राहणं परवडत नाही, हे मला रोज बसस्टॉपवर दिसतं आणि रोज खुपतं.

पाण्याचंही तसंच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गावाबाहेरच्या नाइन वेल्स झऱ्यांचं पाणी शहरात आणलं, त्याचे पाट अजून ट्रम्पिंग्टन स्ट्रीटच्या कडेने वाहतात. नात त्यात कागदी होड्या सोडेल. पण जमिनीखालच्या खडूच्या थरांतलं ते पाणी आता वाढत्या वस्तीला पुरेनासं झालंय. नव्या घरांच्या मोठ्या योजना त्यावरून अडल्या होत्या.

आता कॉलेजांबद्दल. विद्यापीठ १२०९ पासूनचं, सगळ्यांत जुनं कॉलेज, पीटरहाउस, १२८४ चं. रस्त्याने चालताना एका बाजूला सतत उंच भिंत, मध्येच कमानीतून हिरवंगार लॉन दिसतं, आणि दारात पाटी: आज प्रवेश बंद. मे महिन्यात परीक्षा आल्या की या पाट्या वाढतात. लॉनवर पाय ठेवायचा हक्क फक्त फेलोंना, म्हणजे कॉलेजच्या प्राध्यापक-सभासदांना. आपण कर भरतो त्या गावाच्या मधोमध इतकी बंद दारं असणं मला आजही पटत नाही. नातीला हे समजावून सांगावं लागेल, तयारी ठेव.

पण उघडी दारंही आहेत, ती माहीत असावी लागतात. किंग्ज कॉलेजच्या चॅपलला दिवसा भरपूर तिकीट पडतं. तेच टर्म चालू असताना संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणीही फुकट जाऊन बसावं. मी हिवाळ्यात जाते. बाहेर चारलाच अंधार पडलेला असतो, आत मेणबत्त्या, आणि लाल झग्यांतली लहान मुलं गायला लागतात. आवाज वर चढतो, त्या दगडी छताच्या पंख्यांसारख्या उलगडत गेलेल्या कमानींपर्यंत पोचतो आणि तिथे क्षणभर रेंगाळतो. ते चॅपल बांधायला १४४६ ला घेतलं, दगडकाम १५१५ ला संपलं. गायनातला मला एकही शब्द नीट कळत नाही, तरी मी शेवटपर्यंत हलत नाही. फिट्झविल्यम म्युझियमही फुकट आहे, पावसाळी रविवार तिथे छान जातो.

चॅपलशेजारचं सिनेट हाउस तुला नीट दाखवायचं राहिलंय. गणिताच्या परीक्षेची गुणवत्ता यादी तिथे मोठ्याने वाचत असत. १८९० साली फिलिपा फॉसेट या मुलीचं नाव "सीनियर रँग्लरच्या वर" असं वाचलं गेलं. पहिल्या आलेल्या मुलाहून तिला जास्त गुण होते, पण पदवी नाही, कारण ती बाई. १८९७ ला बायकांना पदव्या द्यायच्या का यावर मतदान झालं, तेव्हा समोरच्या पुस्तकाच्या दुकानावर सायकलवरच्या बाईचा पुतळा टांगून पोरांनी धिंगाणा घातला आणि ठराव पडला. पुढे दोनच वर्षांनी, १८९९ ला, आपले रघुनाथराव परांजपे सीनियर रँग्लर झाले. आपल्याकडे त्यांचा अभिमान आहे तो रास्तच. पण त्याच अंगणात बायकांना पदवी मिळायला १९४८ उजाडलं! त्या कोपऱ्यावर आजही पुस्तकांचंच दुकान आहे आणि समोरून शेकडो मुली सायकलवरून लेक्चरला जातात. तिथे उभी राहिले की मला फार बरं वाटतं.

सायकलवरून आठवलं, गाडीचा खर्च वाचेल. गाव तळहातासारखं सपाट, पुढे पेटी लावलेल्या सायकलीत मुलांना बसवून आईबाप शाळेत सोडतात. वाटेत मिडसमर कॉमनवर उन्हाळ्यात गाई चरत असतात. फक्त कुलूप महागातलं घे, सायकली फार चोरीला जातात. आणि फेन्स या उत्तरेकडच्या सपाट मोकळ्या प्रदेशावरून येणारा हिवाळी वारा समोरून आला की मैलभर अंतरही जिवावर येतं.

सगळ्यांत अवघड गोष्ट माणसांची. इथल्या संशोधकांचं कंत्राट दोन-तीन वर्षांचं. गणपतीला जमणारी निम्मी कुटुंबं पुढच्या वर्षी नसतात. शेजारचं सांगलीचं जोडपं मुलासकट म्युनिकला गेलं, तेव्हा बाबा कितीतरी दिवस त्यांच्या खिडकीकडे बघत होते. तुझ्या लेकीच्या मैत्रिणीही अशा जात राहतील. म्हणून नुसत्या विद्यापीठातल्या लोकांत राहू नकोस. मिल रोडचे दुकानदार, शाळेतले पालक, इथेच जन्मलेली माणसं जोड. ती टिकतात.

माझं मत विचारशील तर ये, पण लीड्सचं घर विकू नकोस. ते भाड्याने दे आणि इथे चेरी हिंटन किंवा आर्बरीकडे वर्षभर भाड्याने राहून बघा. त्याआधी जावईबापूंना घेऊन फेब्रुवारीत चार दिवस या, उन्हाळ्यात नको. तोवर मी पाळणाघरांची चौकशी करते, इथे त्यांची रांग मोठी असते. नोकरीबद्दल उत्तर कधीपर्यंत द्यायचंय ते मात्र लगेच कळव.

तुझी,
आई