पुस्तक स्वतः काढा, पॅकेज घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने लिहिलं आहे की खान्देशात हल्ली घरटी एक कवी झालाय, पैसे टाकले की कुणाचंही पुस्तक निघतं, आणि या स्वखर्चाच्या पुस्तकांनी मराठीचा दर्जा घालवला. ही पुस्तकं छापणाऱ्यांपैकी मी एक. चोपड्यात आमचा छापखाना आहे. वडील ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छापयंत्रावर, अक्षरांचे खिळे जुळवून लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचे. आता ऑफसेट आहे, डीटीपी मी बघते. लग्नसराई ओसरली की पुस्तकांची कामं सुरू होतात, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं समजते.

पत्रलेखकाची तक्रार अर्धी खरी आहे. आमच्याकडे हस्तलिखित वहीत येत नाही, व्हॉट्सॲपवर येतं. तुकड्यातुकड्याने, मधेच ‘शुभ सकाळ’चं फूल. काही जण फोनला सांगून टाइप करतात. फोनला पुस्तकी मराठी बऱ्यापैकी समजते, पण अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना’ म्हटलं की तो मनाला येईल ते लिहून मोकळा होतो. कुणी जुन्या फॉन्टमधली फाइल आणतो. ती युनिकोडमध्ये घेतली की ‘ऱ्हा’मधला र उडून डोक्यावर जाऊन बसतो, तोही पानोपानी. हे निस्तरायला प्रूफ वाचणारा माणूस लागतो आणि अहिराणीचं प्रूफ वाचणारा तर दिवा घेऊन शोधावा लागतो. मी म्हणते, तीन वेळा वाचून होऊ द्या. उत्तर ठरलेलं असतं: “ताई, तारीख निघाली, पाहुण्यांचं रिझर्व्हेशन झालं.” मग मंडप, शाल-श्रीफळ, दोनशे पानांची भरीत-पुरीची पंगत. त्या पंगतीच्या खर्चात एक चांगला मुद्रितशोधक आणि वर एक परखड वाचणारा संपादक सहज मिळाला असता. पण ते फोटोत दिसत नाहीत ना!

तरी माझं म्हणणं असं की दर्जा बिघडवला तो लेखकाने स्वतःचे पैसे घातले म्हणून नव्हे. पैसे लेखकाचे, नाव मात्र ‘प्रकाशन संस्थे’चं, हा जो मधला धंदा निघालाय त्याने घोटाळा केला आहे. खरा प्रकाशक पदरचे पैसे घालतो, म्हणून तो निवडतो, नाकारतो, लेखकाशी भांडून दोन प्रकरणं काढायला लावतो. पुस्तक पडलं तर तोटा त्याचा. पॅकेजवाल्याला तोटा कधीच होत नाही, कारण त्याची कमाई पुस्तक छापायच्या आधीच झालेली असते. तो कशाला नाकारेल?

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचं उदाहरण देते. भल्या माणसाने आयुष्यभर ऐकलेल्या गोष्टी लिहून काढल्या आणि बाहेरगावच्या अशाच एका संस्थेला पैसे भरले. पॅकेजमध्ये मुखपृष्ठ, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, पाचशे प्रती, ‘राज्यभर वितरण’ आणि वर एक पुरस्कारसुद्धा. घरी शंभर प्रतींचं एक खोकं आलं. बाकीच्या गोदामात आहेत, विकल्या की कळवू, असं सांगितलं. पुढे काही कळवलं नाही. धुळ्या-जळगावच्या एकाही दुकानात ते पुस्तक मला दिसलं नाही. शेवटी ते आमच्याकडे दुसरी आवृत्ती छापायला आले, तर करारात हक्क संस्थेकडे दिलेले! मुदतीचा मात्र कुठे उल्लेख नव्हता. गावातल्या वकिलांनी उलगडून सांगितलं की १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर हक्काचं हस्तांतरण ५ वर्षांपुरतंच धरतात. एरवी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचाच असतो. त्यासाठी नोंदणीही सक्तीची नाही आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो वारसांकडे राहतो. शेताचा सातबारा चार वेळा तपासणारा माणूस पुस्तकाच्या करारावर न वाचता सही करतो, याचं मला फार नवल वाटतं.

त्यांच्या बिलात आयएसबीएनचे वेगळे पैसे लावले होते. हा क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो. दिल्लीला केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे, तिच्याकडे लेखक स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करू शकतो. तेरा आकडी क्रमांक, सुरुवात ९७८ने. तो म्हणजे पुस्तकाची ओळखपट्टी, बाकी काही नाही. त्याने दर्जा सिद्ध होत नाही आणि हक्कही शाबीत होत नाही. तरी मंचावरून “आमच्या पुस्तकाला आयएसबीएन आहे” असं सांगितलं की टाळ्या पडतात.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्याला मी सांगते की पैसे तुमचेच जाणार असतील तर प्रकाशक म्हणून नावही तुमचंच घाला, किंवा घरच्या कुणाचं. त्यात कमीपणा नाही. पण मग प्रकाशकाचं कामही तुमच्या अंगावर येतं, अगदी बारीकसारीकसुद्धा. १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत ठरलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. निम्म्या लेखकांना हे माहीतच नसतं. मी बिलाला चिठ्ठी लावून देते.

किती छापायच्या, हा खरा घात करणारा प्रश्न. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकी आकाराचं १६० पानांचं पुस्तक म्हणजे १६ पानी १० फॉर्मे. फॉर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा. ऑफसेटला फॉर्म्याच्या छपाईच्या प्लेटा ३०० प्रतींना जेवढ्या लागतात तेवढ्याच १०००ला. साहजिकच प्रती वाढवल्या की एका प्रतीचा भाव उतरतो, आणि त्या भावाला भुलून माणूस हजार छापून बसतो. मग दिवाणाखाली गठ्ठे, पावसाळ्यात ओल, वर्षा-दोन वर्षांत कसर. छापखानेवालीने असं सांगणं धंद्याला बरं नाही, वडील असते तर रागावले असते, पण मी पहिल्यांदा प्लेटा न लागणाऱ्या डिजिटल मशीनवर पन्नास-शंभर काढायला लावते. प्रत महाग पडते हे खरं. पण त्या प्रती वाचून लोक काय म्हणतात ते कळतं, चुका सापडतात, आणि मग ऑफसेटला जाता येतं.

विक्रीचं म्हणाल तर दुकानदार तीस-चाळीस टक्के कमिशन मागतो आणि कोपऱ्यात ठेवतो. त्यापेक्षा टपाल बरं. २०२४च्या डिसेंबरात पुस्तकं स्वस्तात पाठवायचं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं तेव्हा आमच्या लेखकांचे धाबे दणाणले होते. १ मे २०२५पासून पुस्तकांसाठी टपाल खात्याचं ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. सत्तर जीएसएमच्या कागदावरचं १६० पानी पुस्तक त्यात आरामात बसतं. फक्त पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं आणि पाकिटावर ‘ज्ञान पोस्ट’ असं लिहायला हवं.

आता पत्रलेखकांना एक पुस्तिका दाखवावीशी वाटते. अमळनेरच्या बाजूच्या एका ताईंनी सासू, आजेसासू आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडून कानबाई देवीची गाणी गोळा केली. अठ्ठेचाळीस पानं, तीन फॉर्मे, मधे पिना मारलेल्या. मोठ्या प्रकाशकाकडे हे नेलं असतं तर तो म्हणाला असता, एवढं बारकं पुस्तक दुकानात उभंसुद्धा राहत नाही. त्याचंही चुकलं नसतं, पुस्तकाचा कणाच नाही तर नाव छापायचं कुठे? पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटाच्या नैवेद्यासाठी भाऊबंद एकत्र येतात, सुरत-नाशिकला गेलेली माणसंही गावी येतात. ताईंनी ती पुस्तिका बरोबर त्या आठवड्यात काढली. रात्रीच्या जागरणाला गाणी म्हणायला बायकांना अक्षर मोठं हवं म्हणून माझ्याकडून दोनदा टाइप वाढवून घेतला. प्रत्येक गाण्याखाली ते कुणाकडून मिळालं त्या बाईचं नाव घातलं. एका गाण्याच्या दोन चाली निघाल्या तेव्हा दोन्ही गावांत जाऊन ऐकून आल्या आणि दोन्ही पाठ छापले. संपादन म्हणतात ते हेच. दुसऱ्या श्रावणात पुस्तिका पुन्हा छापावी लागली. ना मंडप, ना पाहुणे.

सगळ्यांनीच असं करावं असं मी म्हणत नाही. कादंबरी असेल, गावाबाहेरच्या वाचकासाठी लिहिलेलं असेल, तर आधी पुण्या-मुंबईच्या चांगल्या प्रकाशकांकडे पाठवावं आणि उत्तराची वाट पाहावी, वर्ष गेलं तरी. नकार आला तर का आला ते विचारावं. पहिलं पुस्तक असेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित जाणकारांच्या नजरेखालून जातं, अनुदानापेक्षा मला त्याचं मोल जास्त वाटतं. आणि स्वतःच काढायचं ठरलं तर तुमचं लिखाण आवडत नाही असं तोंडावर सांगणारा एक तरी माणूस गाठून त्याला ते आधी वाचायला द्या. नातेवाईक चालणार नाही.

राहता राहिली आपल्या वर्तमानपत्राची गोष्ट. फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. १९५२नंतर पहिल्यांदाच तिथे संमेलन भरत होतं, म्हणून सगळा जिल्हा लोटला होता. आपल्याकडचे कितीतरी लेखक खांद्याला पिशवी लावून, स्वतःची पुस्तकं घेऊन ग्रंथदालनात फिरत होते. त्यातल्या बऱ्याच जणांनी आपल्या कार्यालयात दोन-दोन प्रती दिल्या. आलेल्या पुस्तकांच्या ‘साभार पोच’ यादीत नाव आलं, परीक्षण कुणाचंच आलं नाही. समजू शकते, जागा कमी असते आणि आतला पहिला फॉर्मा वाचूनच परीक्षकाचा जीव जातो. पण प्रकाशकाचं नाव ओळखीचं नाही म्हणून पुस्तक बाजूला पडत असेल, तर पॅकेजवाल्यांकडे गिऱ्हाईक आपणच पाठवतो आहोत. लेखकाला नाव हवं असतं, ते तिथे विकत मिळतं.

महिन्यातून एका रविवारी अर्धा स्तंभ लेखकाने स्वतः काढलेल्या पुस्तकाला द्या, एवढी विनंती आहे. कौतुक नको. सुरुवातीला म्हणून या पत्रासोबत दोन पुस्तकं पाठवते आहे, दोन्ही लेखकांना विचारून. एकाची छपाई आमची आहे, दुसऱ्याची नाही. झोडायची तर झोडा, फक्त पानं उघडून.

आपली,
एक मुद्रक
चोपडा, जि. जळगाव