पोरं पाठवा, पण ओढ्याला पाणी असताना

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांचे कागद आपल्या खात्याकडे येतात ते महाविद्यालयांकडून, विद्यापीठांमार्फत. ज्या गावात शिबीर झालं त्या गावाचा कागद त्यात असला तर तो सरपंचाच्या सहीचा आभाराचा दाखला, आणि त्याचा मजकूर कॉलेजनेच टाइप करून आणलेला. कोरडवाहू पट्ट्यातल्या एका लहान गावच्या ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे. आमच्याकडे शिबिरं येतात, कधी या कॉलेजचं, कधी त्या. म्हणून यजमानाच्या बाजूने लिहिते आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, मुलं आलेली गावाला आवडतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांचा मुक्काम पडला की सात दिवस गावाचा नूर बदलतो. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. एरवी पारावरून न हलणारी मंडळीही पोरांच्या हातातलं फावडं काढून घेऊन 'असं नाही रे, असं' म्हणत दोन घाव घालतात. शिबिराच्या निधीत सात दिवसांचं जेवण नीट बसत नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. कित्येक वर्षं हा दर माणशी ४५० रुपये होता, म्हणजे दिवसाला चौसष्ट रुपये. पुढे दर वाढला, तशी डाळही वाढली. मग एक दिवस भाकरी वरच्या आळीच्या, एक दिवस खालच्या. त्याची तक्रार नाही.

तक्रार बंधाऱ्याची आहे.

वनराई बंधारा आपण पाहिला असेल. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरायच्या, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडव्या थरावर थर रचायच्या, सांध्यावर सांधा येऊ न देता. खर्च जवळपास नाही, अंगमेहनत भरपूर, त्यामुळे शिबिराला अगदी योग्य काम. फक्त एक अट आहे. पाऊस थांबल्यावर ओढा वाहता असेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तो घातला पाहिजे. तेव्हा पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरींना उतरतं, हरभऱ्याला एखादं पाणी जास्त मिळतं.

आमच्याकडे शिबीर येतं जानेवारीच्या अखेरीस. तेव्हा ओढ्यात दगड असतात. तरीही बंधारा झाला, कारण नियोजनात बंधारा होता. पन्नास मुलांनी तीन दिवस घाम गाळला. तोंडं शिवता शिवता मुलींच्या बोटांना सुतळीचे काचे पडले. समारोपाला आलेल्या पाहुण्यांनी 'जलक्रांती' हा शब्द वापरला. उन्हाळाभर त्या गोण्या तापल्या, विरल्या, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वाहून खालच्या शेतांत गेल्या. प्लॅस्टिकचे ते धागे पेरणीच्या वेळी अजून पाभरीत अडकतात. मुलांचा यात काडीचाही दोष नाही, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी मन लावून केलं. वृक्षारोपणाचंही तेच. जानेवारीत लावलेल्या रोपाला मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे खड्डे खणण्याआधी विचारायला हवं होतं. ज्या गावाला माणसांसाठी टँकर लागतो तिथे तर नक्कीच.

जानेवारीच का, असं मी कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना, म्हणजे शिबीर घेऊन येणाऱ्या प्राध्यापकांना, विचारलं. भले गृहस्थ आहेत, वर्गावरचे तास सांभाळून हे काम करतात. ते म्हणाले, दिवाळीच्या आगेमागे सत्राच्या परीक्षा, मग निकालाची कामं, निधी केव्हा येईल त्याचा भरवसा नाही, आणि मार्चच्या आत खर्चाचा हिशेब द्यायचा. उरतात मधले पाच-सहा आठवडे. म्हणजे तारीख ठरवताना परीक्षा विभागाचं ऐकलं जातं, लेखा विभागाचं ऐकलं जातं. ओढ्याचं कोणी ऐकत नाही.

आता दुसरी गोष्ट. तिला श्रमदान म्हणता येणार नाही, फोटोही निघत नाही.

अशाच एका शिबिरात दुपारच्या वेळी मुलं घरोघरी सर्वेक्षणाला फिरत होती. वाणिज्य शाखेची एक मुलगी आमच्या आळीतल्या एका बाईच्या ओट्यावर बसली होती. बाईंचा नवरा आदल्या पावसाळ्यात गेला होता. बाईंनी गॅसच्या अनुदानाचं विचारायला म्हणून डब्यातली कागदं काढली, त्यात नवऱ्याचं पासबुक होतं. मुलीने ते सहज चाळलं आणि मे महिन्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं : ४३६ रुपये वजा. बाईंना वाटत होतं, बँकेने कसलासा दंड कापला. तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता होता. वारसाला दोन लाख रुपये मिळतात, ही गोष्ट त्या घरात कोणाला माहीतच नव्हती. तिने दाव्याचा अर्ज भरून दिला. सातव्या दिवशी शिबीर उठलं, आणि आठवड्याभरात बँकेने आणखी एक कागद मागितला. बाई पुन्हा अडल्या.

ती मुलगी पुन्हा आली. एकटी, एसटीने, अर्ध्या तिकिटात, स्वतःच्या पैशाने. बाईंना घेऊन तालुक्याला गेली, कागद जोडला, पोच घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने परतली. पाडव्यानंतर पैसे खात्यावर आले. शिबिराच्या अहवालात बंधाऱ्याला दोन पानं आहेत. या फेरीला ओळही नाही, कारण ती 'शिबिर कालावधीत' झालेली नाही.

महोदय, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावं आणि एकदा सात दिवसांचं शिबीर करावं, ही चौकट आजही तीच आहे. गाव दत्तक घ्यावं, हेही त्यात आहे. पण दत्तक घेतलेल्या गावात पुन्हा पाऊल ठेवायचं, हे बहुतेकांच्या लेखी त्यात बसत नसावं. बाबा आमटेंनी साठच्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्षानुवर्षं त्याच जागी भरत आली. गेल्या वर्षीचं काम टिकलं की नाही, हे तिथे येणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. आमच्याकडे दरवर्षी नवं कॉलेज, नवा फलक, आणि कधी कधी तोच खड्डा.

आता नव्या शैक्षणिक धोरणात राष्ट्रीय सेवा योजनेला श्रेयांकही (क्रेडिट) आहेत. गुणांसाठी मुलं येतील म्हणून कोणी नाक मुरडत असेल तर मुरडू दे, कामाला लागलेला पोरगा गुणांसाठी आला की मनापासून, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही. पण संख्या वाढली तर जानेवारीतली गर्दीही वाढणार.

२०१६ पासून या योजनेचा पैसा पूर्णपणे केंद्राकडून येतो, याची मला कल्पना आहे. परंतु परीक्षांचं वेळापत्रक विद्यापीठं ठरवतात, आणि विद्यापीठं आपल्या खात्याच्या अखत्यारीत येतात. तेव्हा कुलगुरूंना एवढं कळवा, की पाणी-मातीची कामं घेणाऱ्या शिबिरांना दिवाळीच्या सुट्टीत मोकळे आठ दिवस द्यावेत. ज्यांना तेव्हा जमत नाही त्यांनी जानेवारीत खुशाल यावं, पण ओढ्याकडे जाऊ नये. शोषखड्डे घ्यावेत, ते बाराही महिने चालतात. पासबुकं तपासावीत, निराधार योजनेचे अर्ज भरावेत, विहिरींच्या पातळीची नोंद करावी. एका कॉलेजने एकच गाव किमान तीन वर्षं धरावं. वर्षाच्या १२० तासांतले काही तास पुन्हा त्याच गावात येऊन केले तर ते मोजावेत आणि येण्याजाण्याचं भाडं मिळावं. एसटी आपल्या खात्यात नाही, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत ज्यांच्या खात्यात आहे ते फार लांब बसत नसावेत.

आणि अहवालाचं एक पान आमच्यासाठी ठेवा. शिबिरानंतरच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते भरलं जावं : काय केलं होतं, त्यातलं काय शिल्लक आहे, पुढच्या वर्षी गावाला काय हवं आहे. ते पान जोडल्याशिवाय पुढच्या शिबिराला मंजुरी देऊ नये. सरपंचाची सही एकट्याची नको, सभेचा ठराव हवा. आयता मजकूर टाइप करून आणण्याची सोय त्यामुळे आपोआप बंद होईल.

यंदाच्या शिबिराचं पत्र आमच्या ग्रामपंचायतीला अजून आलेलं नाही. आलं की आम्ही उलट टपाली दिवाळीच्या सुट्टीतली तारीख कळवणार आहोत. 'वरून परवानगी नाही' असं उत्तर कॉलेजला द्यावं लागू नये, एवढी व्यवस्था त्याआधी व्हावी.

आपली,
एक ग्रामपंचायत सदस्य