रोमची मर्दुमकी : देव नव्हे, देवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ‘व्हर्टस’ या मोटारीविषयी आपल्या रविवार पुरवणीत मजकूर आला होता. हे नाव रोमन लोकांच्या ‘शौर्याच्या देवा’चे आहे, असे एक ओझरते वाक्य त्यात आहे. मोटारीतले मला फारसे कळत नाही. परंतु तो देव नव्हता, देवी होती, एवढे ठाऊक असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

लॅटिनमध्ये ‘विर’ म्हणजे पुरुष. आपल्या ‘वीर’ शब्दाचा तो भाऊबंद. त्यावरून ‘विर्तुस’ (मोटारीच्या नावाचा हा लॅटिन उच्चार) हा शब्द आला, असे रोमन वक्ता सिसेरोने नोंदवून ठेवले आहे. पुरुषाला शोभणारे धैर्य, विशेषतः रणांगणावरचे, हा त्याचा मूळ अर्थ. शब्द मात्र स्त्रीलिंगी, त्यामुळे मूर्तीही स्त्रीची : डोक्यावर शिरस्त्राण, आखूड अंगरखा, एक स्तन उघडा, हातात भाला आणि कट्यारीसारखी तलवार. मराठी माणसाला याचे नवल वाटायला नको. आपणही ‘ती मर्दुमकी’ असेच म्हणतो. तिचे देऊळ बांधणे तेवढे आपल्याला सुचले नाही.

रोमनांना ते सुचले, आणि त्याची हकीकत आमच्या पेठांतल्या वादांना शोभेल अशी आहे. इ. स. पू. २२२ मध्ये क्लास्टिडियमच्या लढाईत गॉल टोळ्यांच्या राजाला स्वतःच्या हाताने मारणाऱ्या मार्सेलस या रोमन सेनापतीने ‘होनोस’, म्हणजे मानसन्मान, आणि ‘विर्तुस’ यांच्या देवळाचा नवस बोलला होता. सिसिलीतले सिराक्यूज शहर जिंकल्यावर तो नवस फेडण्याची वेळ आली, तेव्हा इ. स. पू. २०८ मध्ये पुरोहितांनी हरकत घेतली की, एकाच गाभाऱ्यात दोन दैवते बसवली आणि उद्या देवळावर वीज पडली, तर शांतीचा बळी नेमका कोणाला द्यायचा? अखेर विर्तुससाठी घाईघाईने वेगळे देऊळ उभारावे लागले. मार्सेलस त्याच वर्षी कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याविरुद्धच्या मोहिमेत मारला गेला आणि प्रतिष्ठापना पुढे त्याच्या मुलाच्या हातून झाली.

हे शौर्य केवळ मनगटातले नव्हते. सेनापतीची आज्ञा मोडून द्वंद्व जिंकणाऱ्या स्वतःच्या मुलाला सेनापती मॅन्लियस टोर्क्वाटसने देहदंड दिला, असे इतिहासकार लिव्ही सांगतो. राज्याच्या शिस्तीबाहेरच्या पराक्रमाची तेथे काय किंमत होती, ते यावरून दिसते. (ती शिस्त मला स्वतःला अमानुष वाटते, हे वेगळे.) घराण्यात पूर्वी कोणी कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झालेला नसलेल्या मारियससारख्या सेनापतीला मात्र हाच शब्द आधाराचा वाटला. किंब्री आणि ट्यूटन टोळ्यांना हरवल्यावर त्यानेही होनोस व विर्तुसचे देऊळ बांधले. पुढे हद्दपारीत असलेल्या सिसेरोने घर सावरणाऱ्या पत्नीला, टेरेन्शियाला, लिहिलेल्या पत्रात तिच्या ‘विर्तुस’चा गौरव केला, म्हणजे हा शब्द पुरुषांपुरताही उरला नव्हता.

इ. स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला. त्याची खंडणी भरण्यासाठी ज्या मूर्ती वितळवल्या गेल्या, त्यांत विर्तुसचीही होती, असे इतिहासकार झोसिमसने लिहिले आहे.

पुढील पुरवणीत ‘देवा’च्या जागी ‘देवी’ अशी एका ओळीची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, एरंडवणे, पुणे