शुक्रवारच्या तासाआधी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू हसत हसत सांगितलंस, तालीम करताना बाटलीचं बूच उडालं ते थेट छताला लागलं. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते बूच डोक्यातून जाईना. छताऐवजी कुणाच्या डोळ्याला लागलं असतं तर? आजीच्या उजव्या डोळ्याचं तुला वेगळं सांगायला नको. गॉगल तू घालशीलच, पण पहिल्या बाकावरच्या मुलांचं काय?

असो. वायू पसरताना गार होतो हे तू शुक्रवारी वर्गात दाखवणार, त्या प्रयोगाचं बोलते.

फुंकरीपासून सुरुवात करू नकोस. ओठ आवळून फुंकलं की गार लागतं, म्हणून वायू पसरताना गार होतो, असं सर्रास सांगतात. फुंकर गार लागते ती मुख्यतः आजूबाजूची हवा ओढून आणते आणि कातडीवरचा ओलावा उडवते म्हणून. स्प्रेचा डबा गार पडतो तोही बहुतांशी आतला द्रव उकळून वायू होतो म्हणून. बाटलीतलं धुकं मात्र अस्सल. तळाशी थोडं पाणी, विझवलेल्या काडीचा किंचित धूर, मग पंपाने हवा, आणि बूच एकदम सुटू दे. एकदम हेच महत्त्वाचं. पसरणारी हवा बाहेरच्या हवेला ढकलते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते. सावकाश सोडलीस तर बाटलीकडून उष्णता येऊन तूट भरून निघते. दाब दुपटीवरून नेहमीइतका झाला, तर हिशोबाने कोरडी हवा 27 अंशांवरून उणे 27 अंशांपर्यंत उतरते. प्रत्यक्षात इतकी नाही, आणि साध्या थर्मामीटरला ते कळायच्या आत सगळं संपलेलं असतं. त्या गारव्याने वाफेचं होणारं धुकं मात्र मागच्या बाकालाही दिसतं.

पाण्याऐवजी स्पिरिट घेतलंस तर धुकं दाट होतं, पण मग काडी खोलीतसुद्धा नको. काचेची बाटली मुळीच नको. दाब बेताचा ठेव. बुचाचं तोंड मुलांकडे नको, गॉगल सगळ्यांना... बघ, परत शिकवायला लागले. तू आता स्वतः बाई आहेस, राग मानू नकोस.

मामाच्या सायकलचा पंप आठवतो का? त्याचं नळकांडं तापलं की बोट लावून ओरडायचीस, मग व्हॉल्वची पिन दाबून सुटणारी हवा गालावर घ्यायचीस. "आत जाताना गरम, बाहेर येताना गार, असं का?" मी तोंड उघडायच्या आत तू पुन्हा पंप मारायला धावलेली असायचीस. गुडघ्याला ग्रीस, वेणी सुटलेली. त्या पोरीसमोर आता नववीचा अख्खा वर्ग बसणार, हे मी शेजारी, नातेवाईक, सगळ्यांना सांगून झालंय.

कुणी हुशार विचारेल, निर्वात भांड्यात हवा सोडली तर? जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1845 मध्ये तेच करून पाहिलं, आणि भोवतीच्या पाण्याच्या तापमानात त्याला फरक दिसला नाही. ढकलायला समोर कुणी नाही, मग खर्च कसला? पुढे 1852 पासून थॉमसन (नंतरचा लॉर्ड केल्विन) या शास्त्रज्ञाबरोबर त्याने अरुंद वाटेतून हवा सोडून पाहिली, तेव्हा ती किंचित गार झाली, कारण रेणूंमध्ये थोडी ओढ असते. नेहमीच्या तापमानाला हायड्रोजन मात्र अशा वाटेने जाताना उलट तापतो. हे विचारणारा निघाला तर त्याचं नाव लक्षात ठेव.

जादा गॉगल नसतील तर बाकं मागे सरकव. शुक्रवारी तास संपला की लगेच फोन कर, मुलांनी काय काय विचारलं ते सगळं ऐकायचंय.

तुझी,
आई