धारपांच्या पुस्तकांवर मूळ कथांची नावं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी भयकथालेखक नारायण धारपांच्या जन्मशताब्दीनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आणि त्यावरची वाचकांची पत्रं वाचली. लेखकाने धारपांना अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंगची उचल करणारे म्हणून एका परिच्छेदात निकालात काढलं आहे. पत्र लिहिणाऱ्यांनी तो आरोप ऐकूनच घेतलेला नाही. मला दोन्ही पटलं नाही, म्हणून लिहितो आहे.

माझे वडील मिरजेत एका खोलीत वाचनालय चालवत. महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. धारपांचं पुस्तक कपाटात असं राहायचंच नाही, परत आलं की दारातच दुसरा माणूस उभा असायचा. पुठ्ठे निखळायचे, पानं सुटायची. वडील रविवारी खळ करून, खाकी कागद चढवून ती पुस्तकं पुन्हा उभी करायचे. 'लुचाई' मी नववीत माळ्यावर बसून वाचली. त्यानंतर कितीतरी दिवस रात्री मागच्या दारी जाताना धाकट्या भावाला उठवून सोबत न्यायचो. ती भीती मला आपल्या घरातली, आपल्या अंगणातली वाटली होती.

पुढे नोकरीनिमित्त पुण्यात असताना जुन्या पुस्तकांच्या ढिगात किंगची 'सालेम्स लॉट' मिळाली. १९७५ सालची कादंबरी. थोडी पानं वाचली आणि लक्षात आलं, या गावात मी आधी येऊन गेलो आहे. मला फार राग आला. फसवलं गेल्यासारखं वाटलं. नंतर किंगची 'इट' वाचली तेव्हा धारपांची 'शपथ' आठवली. त्यानंतर बरीच वर्षं मी धारपांचं एकही पुस्तक हातात घेतलं नाही.

आज मला वाटतं, राग येणं रास्त होतं, पण पुस्तकं बाजूला टाकणं चूक होतं. आपल्याकडे परक्या साहित्यातून घेणं कधीच कमीपणाचं मानलेलं नाही. देवलांचं 'झुंझारराव' 'ऑथेल्लो'वरून आलं, पु. लं.ची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यामुळे देवल किंवा पु. ल. कुणाच्या नजरेतून उतरले नाहीत. नाटकवाल्यांनी 'रूपांतर' हा शब्द मानाने मिरवला. भयकथेच्या वाट्याला तो आला नाही. वडिलांच्या वाचनालयातल्या 'लुचाई'वर किंगचं नाव पाहिल्याचं मला आठवत नाही. हा दोष आहे, आणि धारपांवर प्रेम करणाऱ्यांनीच तो आधी मान्य करायला हवा.

भयकथेत तर एकमेकांकडून घेण्याची रीत फार जुनी आहे. एका नावाचा प्रवास सांगतो. हास्तुर हे नाव अमेरिकन लेखक अँब्रोस बिअर्सच्या १८९१ च्या एका कथेत येतं. तिथे तो मेंढपाळांचा देव आहे, भिण्यासारखं त्यात काही नाही. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचललं. त्याच्याकडून ते एच. पी. लव्हक्राफ्टच्या १९३१ च्या कथेत गेलं. किंगच्या 'ग्रॅमा' या १९८४ च्या कथेत अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीजवळ घरात एकटा लहान मुलगा असतो, आणि तिथेही तेच नाव येतं. त्या कथेवरून धारपांनी 'आजी' लिहिली. आणि २०१८ मध्ये 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट आला. पडद्यावरची साखळदंडाने बांधलेली ती भुकेली म्हातारी आणि तिला झोपवणारं 'हस्तर' हे नाव आता देशभरातल्या पोरासोरांना माहीत आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे की १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना धारपांची ही कथा ऐकवली होती. जंगलात, तोंडी! धारप १८ ऑगस्ट २००८ ला गेले. त्यांना हा चित्रपट पाहायला मिळाला नाही याची हळहळ वाटते.

या साखळीतले इतर लोक घेतलेलं बोलून दाखवतात. लव्हक्राफ्टने बिअर्स आणि चेंबर्स या दोघांविषयी आपल्या भयसाहित्यावरच्या निबंधात लिहिलं आहे. 'सालेम्स लॉट' लिहिताना 'ड्रॅक्युला' समोर होती हे किंग स्वतः सांगतो. बर्वे धारपांचं नाव घेतात. कडी तुटते ती नेमकी आपल्या भाषेत. किंग आज हयात आहे, लिहितो आहे, त्यामुळे ही गोष्ट 'जाऊ द्या, जुनं झालं' म्हणून सोडण्यासारखीही नाही.

पण नुसती उचल म्हणणाऱ्या लेखकालाही माझा एक प्रश्न आहे. किंगच्या गावात चर्च आहे, क्रॉस आहे, श्रद्धा डळमळलेला पाद्री आहे. आपल्या गावात त्या जागी काय ठेवायचं? संकट दारात आल्यावर मराठी माणूस हातात काय धरेल, कुणाचं नाव घेईल? पात्रांची नावं बदलून हे साधत नाही. धारपांच्या कथांतलं 'समर्थ' हे पात्र मला या प्रश्नाचं उत्तर वाटतं. समर्थ म्हटलं की आपल्याला रामदास आठवतात, आणि त्या एका शब्दाने वाचकाला धीर येतो. हा शांत माणूस अभद्राच्या समोर उभा राहतो तेव्हा तो कुणाचं भाषांतर वाटत नाही. धारपांची भाषाही तशीच. घाई नाही, आरडाओरडा नाही. जुना वाडा, वारसाने आलेली खोली, शिकलेला आणि शंका घेणारा निवेदक. त्याच्या शंका एकेक करून संपत जातात आणि आपल्या मानेवर काटा येतो. शंभराहून जास्त पुस्तकं या माणसाने लिहिली, त्यांत विज्ञानकथाही आहेत. त्यातलं उसनं कुठलं आणि स्वतःचं कुठलं हे आज कुणालाच नीट सांगता येत नाही. त्यामुळे त्यांच्या अस्सल कथांवरही विनाकारण संशय घेतला जातो. धारपांवर सगळ्यांत मोठा अन्याय मला हा वाटतो.

म्हणून प्रकाशकांना विनंती आहे की पुढच्या आवृत्त्यांत, जिथे मूळ कथा निश्चित माहीत आहे तिथे, ती कुणाची हे पहिल्या पानावर छापावं. त्याचबरोबर प्रत्येक कथा प्रथम कुठल्या मासिकात किंवा दिवाळी अंकात आली ते सालासकट द्यावं. साल कळलं तर काही आरोप आपोआप गळून पडतील, काही पक्के होतील. दोन्ही झालं तरी चालेल.

आपल्याला विनंती अशी की जुने अंक ज्यांच्या घरात आहेत अशा वाचकांना आपण पुरवणीतून आवाहन करावं. अनुक्रमणिकेच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा पुरेल.

माझ्याकडे वडिलांच्या वाचनालयाची तीन रजिस्टरं आहेत. कुठलं पुस्तक आणि कुठला अंक कधी विकत घेतला, याच्या तारखा त्यांत वडिलांच्या हस्ताक्षरात आहेत. एकाला वाळवी लागली आहे, पण अक्षर लागतं. कुणी अभ्यासक हे काम हाती घेणार असेल तर तिन्ही मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक जुना वाचक, मिरज